पेन्सिलींवरच्या खाचा

प्रिय ठिपकी,

तू फोन ठेवलास आणि मी चहाचं पाणी बंद करून टेबलाशी येऊन बसले. फोनवर मला काही सांगता येत नाही. तू भराभर बोलतेस, मी 'हं, हं' करते, आणि माझं बोलणं सुरू व्हायच्या आत तुझ्या दाराची बेल वाजते. म्हणून कागद घेतला. कामाच्या गडबडीत हे वाचू नकोस. पोराला झोपाळ्यावर नाहीतर कुठे गुंतव आणि मग वाच.

आधी बातम्या. माझा गुडघा बरा आहे. वरच्या मजल्यावरच्या काकू मुलाकडे राहायला गेल्या, त्यामुळे जिना झाडून घ्यायचं आता माझ्याच गळ्यात पडलंय. वाचनालयातल्या बाईंनी मला एका वेळी चार पुस्तकं न्यायची परवानगी दिली आहे. म्हणाल्या, तुम्ही तीनच नेता आणि चौथं इथे उभ्याने वाचून संपवता, त्यापेक्षा घरी न्या. आणि बाबांच्या कार्यालयातली ती चष्मेवाली परत येऊन गेली. त्यांच्या हातचे जुने आलेख ती नव्या इमारतीच्या लांब व्हरांड्यात लावते आहे. मोठ्या हौसेने करते आहे बिचारी. मी तिला ट्रंकेतल्या गुंडाळ्या काढून दिल्या. एकेक उलगडताना ती श्वास रोखून धरायची, जणू कागद नव्हे, अंडी उचलते आहे.

तू येणार नाहीस म्हणालीस. नको येऊस, त्यासाठी मी लिहीत नाही. पण तू एक वाक्य बोललीस ते माझ्या कानात अडकून बसलंय. म्हणालीस, बाबांनी माझं एकही काम कधी नीट बघितलं नाही, मी त्यांचं का बघायला येऊ? तुझ्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं. पण त्या वाक्यातला एक शब्द खरा नाही, आणि तो तसाच राहू दिला तर मला पुढचे दिवस सुखाने जाणार नाहीत. आणि तू फोनवर आणखीही एक सांगितलंस, जाता जाता, चिडून. त्यावर मी शेवटी येते.

तुला आठवतं ते बाबांचं काम म्हणजे मोठी खोली, संगणक, हाताखालची माणसं. मला आठवतं ते त्याच्या कितीतरी आधीचं. लग्न झालं तेव्हा ते सांख्यिकी कार्यालयात आकडे तपासणारे कारकून होते. दिवसभर लोकांनी भरलेले आकडे बेरजेला लागतात का ते बघायचं. हुशार होते, पदवी होती, पण बढतीची रांग लांब होती. एकदा साहेबांना कुठल्याशा बैठकीत रस्त्यावरच्या अपघातांची माहिती द्यायची होती, आणि माहिती म्हणजे जाड बाड. ह्यांनी घरी बसून, ह्याच टेबलावर, ती सगळी एका कागदावर आणली. शाईचा टाक, पट्टी आणि गुण्या, बस. दिवसाचे तास आडवे, गावातले चौक उभे, आणि प्रत्येक अपघाताला एक बारीक काळी रेघ. मग तो कागद माझ्यासमोर धरला आणि विचारलं, काय दिसतं? मी म्हटलं, हे इथे कोळिष्टक झालंय, शाळा सुटते त्या वेळेला. ते खुर्चीवरून उठलेच. मी काही मोठं शोधलं नव्हतं गं, कुणालाही दिसलं असतं. त्यांना त्याचाच आनंद झाला होता, की कुणालाही दिसतंय. तो कागद वर्तमानपत्रात छापून आला, त्या चौकात शाळेच्या वेळेला शिपाई उभा राहू लागला, आणि ह्यांना आलेखांच्या विभागात नेमलं.

तेव्हापासून त्यांची रीत पडली. आलेख पुरा झाला की घरी आणायचा आणि विचारायचं, काय दिसतं? मला विचारायचे, वरच्या काकूंना विचारायचे, गॅसची टाकी आणणाऱ्याला दारात थांबवून विचारायचे. तो म्हणायचा, साहेब, टाकी दिसते, सही करा. तू बोलायला लागलीस तेव्हा तुलाही विचारायचे. तू म्हणायचीस, डोंगर. आणि ते खरंच वाढत्या किमतींचा आलेख खाली ठेवून म्हणायचे, बरोबर, डोंगरच आहे. तुझं ठिपकी हे नाव त्याच्याही आधीचं. कागदावरच्या सगळ्या ठिपक्यांमध्ये एक ठिपका आपला वेगळाच कुठेतरी वर जाऊन बसतो, गर्दीत मिसळत नाही, त्याच्यावर त्यांचा फार जीव होता. म्हणायचे, बाकीचे ठिपके काय घडतंय ते सांगतात, हा एकटा विचार करायला लावतो. तू पाळण्यातून बाहेर यायला धडपडत होतीस, त्यांनी तुझ्याकडे बघितलं आणि नाव ठेवलं.

त्यांच्या आलेखांत रंग नसायचे. काळ्या रेघा, तिरप्या रेघांच्या जाळ्या, दाट ठिपके, विरळ ठिपके, आणि करड्या रंगाच्या पाच छटा. कार्यालयात त्यांना मागून 'करडेसाहेब' म्हणायचे, आणि एका पाहुण्याने तर ते त्यांचं आडनाव समजून पाकिटावर तसं लिहून आमंत्रण पाठवलं. आपण किती हसलो होतो. पुढे संगणक आले आणि जो तो पोपट रंगवायला लागला. नवे साहेब तर वर्तुळाच्या फोडी करून प्रत्येक फोडीला वेगळा रंग देण्याच्या फार प्रेमात. बाबांनी भर बैठकीत सांगितलं, रंग सर्वांत शेवटी, आधी रेघ. रंग काढून घेतल्यावर जो आलेख बोलत नाही तो मुळातच मुका आहे. त्या वाक्याने ते मोठे झाले. त्यांना व्याख्यानांना बोलावू लागले, त्यांच्या पद्धतीवर पोरं शिकू लागली. चष्मेवालीने ते वाक्य व्हरांड्याच्या सुरुवातीला मोठ्या अक्षरांत लावायचं ठरवलं आहे. मला विचारत होती, बाबांना हे तत्त्व कसं सुचलं? मी म्हटलं, चहा गार होतोय.

आता तू तुझ्या लहानपणातल्या काही गोष्टी आठव. बाबा बाजारातून टोमॅटो आणायचे ते निम्मे कच्चे. पायात मोजे घालायचे ते एक तपकिरी, एक हिरवा. तू मैत्रिणींना सांगायचीस, आमचे बाबा आकड्यांत एवढे बुडालेत की पाय कुठे आहेत ते विसरतात. टेबलावरचा दिवा आणला तो तपकिरी म्हणून, आणि त्याची टोपी गडद हिरवी. वर्षानुवर्षं त्याच्याखाली बसून ते काम करत राहिले. आणि त्यांच्या रंगीत पेन्सिली. तू त्या चोरून घ्यायचीस. त्यांच्या मागच्या टोकाला सुरीने खाचा पाडलेल्या होत्या. तू मला विचारलंस, ह्या कशा गं? आणि मी सांगितलं, उंदराने कुरतडल्या. तू आठवडाभर उंदरासाठी पाव ठेवत होतीस.

उंदराने नाही, मी पाडल्या होत्या. लाल पेन्सिलीला एक खाच, हिरवीला दोन, तपकिरीला तीन.

तुझ्या बाबांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नव्हते, ठिपकी. जन्मापासून. तपकिरी, हिरवा, काही प्रकारचे लाल, नारिंगी, सगळे एकाच घोळक्यात उभे असायचे. निळा आणि पिवळा स्पष्ट दिसायचे. मला हे लग्नानंतर पहिल्या वर्षी कळलं. नदीकडच्या रस्त्याला एक झाड होतं, ते लाल फुलांनी नुसतं पेटलं होतं. मी म्हटलं, अहो, काय फुललंय बघा. ते म्हणाले, काय फुललंय? मी म्हटलं, चेष्टा करताय. ते झाडाजवळ गेले, फांदी खाली ओढली, पाकळ्या बोटांनी चाचपल्या आणि म्हणाले, अरेच्चा, आहेत की. मग तिथल्या कठड्यावर बसून त्यांनी सगळं सांगितलं. लहानपणी मोठा भाऊ त्यांना चारचौघांत लोकरीचे गुंडे दाखवून रंग विचारायचा आणि ते चुकले की सगळे 'आंधळ्या, आंधळ्या' करत टाळ्या पिटायचे. नोकरीच्या वेळी डॉक्टरी तपासणी होती. तिथे ठिपक्यांचं पुस्तक असतं, रंगीत ठिपक्यांत रंगीत ठिपक्यांचाच आकडा लपवलेला. ह्यांना आकडा दिसायचा नाही, नुसते ठिपके. त्यांनी काय केलं, आधी तपासून आलेल्या मित्राला गाठलं, पानं कुठल्या क्रमाने उलटतात आणि आकडे कुठले ते विचारून घेतलं आणि पाठ केलं. डॉक्टर पानं उलटत गेले, हे धडाधड आकडे सांगत गेले. मला हे सांगताना हसत होते, पण गवताची काडी बोटांनी सोलत होते. म्हणाले, पहिल्याच दिवशी खोटं बोलून आत शिरलोय. आता ते खोटं माझ्याबरोबर म्हातारं होणार.

तसंच झालं. कार्यालयाने तेव्हा त्यांना काढलंही नसतं कदाचित, आकडे तपासायला रंग कशाला लागतात? पण ज्या विभागाचं कामच दाखवण्याचं, तिथे गेल्यावर सांगणं अवघड झालं, नाव झाल्यावर तर अशक्यच. लोक त्यांच्या संयमाचं कौतुक करायचे, आणि ते घरी येऊन म्हणायचे, ही मंडळी माझ्या अडचणीला तत्त्व म्हणतात. मी म्हणायचे, अहो, अडचणीतून निघालं म्हणून काय झालं, चांगलं आहे ना? त्यांचं समाधान व्हायचं नाही. उतारवयात व्याख्यानांत ते एक गोष्ट आवर्जून सांगू लागले, की आलेख करताना ज्यांना रंगांतला फरक कळत नाही अशा लोकांचा विचार करा, प्रत्येक वर्गात असा एखादा मुलगा असतोच. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकायचे. 'अशा लोकांना' म्हणायचे, दर वेळी. 'आम्हाला' हा शब्द मी वाट बघूनही कधी ऐकला नाही.

आता तुझ्याकडे येते. तू रंगात जन्माला आल्यासारखी होतीस. भिंती, फरशी, माझ्या ओढण्या, काही सोडलं नाहीस. चित्र घेऊन आधी बाबांकडे धावायचीस. ते चित्र हातात धरून म्हणायचे, ही रेघ छान आलीय, हे घर जरा डावीकडे हवं होतं. रंगांबद्दल अवाक्षर नाही. तू मला विचारायचीस, बाबांना रंग आवडत नाहीत का? मी म्हणायचे, त्यांचं कामच रेघांचं आहे ना. कॉलेजात जायच्या आधीच्या सुट्टीत तू त्यांचं ते चित्र काढलंस. टेबलाशी बसलेले, दिव्याचा उजेड तोंडावर, आणि तोंड चक्क हिरवं. फिकट हिरवे गाल, गडद हिरवं नाक. मला तू आधी दाखवलंस आणि कानात म्हणालीस, बघूया करडेसाहेब काय म्हणतात, आता तरी ओरडतील. मी घाबरले. तुला वाटलं, मी त्यांच्या रागाला घाबरले.

त्यांनी चित्र दिव्याखाली धरलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाले, हुबेहूब. अगदी माझ्यासारखं. आणि तुझ्या डोक्यावर हात ठेवला.

तो हात तू बाजूला केलास. 'तुम्ही बघतच नाही' एवढं म्हणालीस आणि खोलीत गेलीस. ते माझ्याकडे बघत राहिले. मी ताटं घ्यायला उठले, कारण दार उघडं होतं आणि तू ऐकत होतीस. तू वसतिगृहात गेल्यावर त्यांनी ते चित्र कार्यालयातल्या खोलीत लावलं, खुर्चीच्या मागे, येणाऱ्याच्या समोर पडेल असं. अभिमानाने. काही दिवसांनी टंकलेखक बाईंनी विचारलं, साहेब, मुलीने तुम्हाला हिरवं का हो केलं, राग आहे का काही? ते त्या दिवशी लवकर घरी आले. चपला न काढता स्वयंपाकघरात येऊन उभे राहिले आणि मला विचारलं, पोरीने मला हिरवा रंगवलाय? मी हो म्हटलं. ते स्टुलावर बसले. म्हणाले, म्हणजे मी काहीतरी म्हणेन याची ती वाट बघत होती. मग जेवले, भांडीही पुसली. पण ते चित्र भिंतीवरून उतरवलं नाही. जो विचारेल त्याला सांगायचे, माझ्या मुलीचं काम आहे, हिरवा रंग तिने विचार करून वापरलाय.

तेव्हाच तुला सांगायचं त्यांनी ठरवलं. मला म्हणाले, तू सांगू नकोस, हे मला सांगू दे, माझ्या तोंडून जायला हवं. मला ते पटलं. आजही मला ते चूक वाटत नाही, माणसाची गोष्ट माणसाने सांगावी. फक्त सांगण्याची पाळी येत गेली आणि टळत गेली. तू सुट्टीला यायचीस तेव्हा मैत्रिणी बरोबर. मग तुझी नोकरी लागली, कापडाच्या गिरणीत रंगखात्यात, छटा जुळवायची. दोन कापडं उजेडात धरून तू सांगायचीस की ह्याच्यात केसाएवढा लाल जास्त आहे. ते ऐकून हे अवाक होऊन तुझ्याकडे बघायचे. मला म्हणाले, माझ्या पोटी हे काय जन्माला आलंय. जिला केसाएवढा लाल दिसतो तिला मी कुठल्या तोंडाने सांगू की मला तो मुळीच दिसत नाही? ज्या माणसाने भर बैठकीत साहेबांशी वाद घातला तो तुझ्यापुढे लाजत होता, ठिपकी. दुसरं काही नव्हतं ते.

आणि मग तुझं ते प्रदर्शन. रंगवलेल्या कापडांचं, पहिलंवहिलं. आदल्या संध्याकाळी मी तुला टांगायला मदत केली, तू शिडीवर, मी खाली सुतळी धरून. हे हॉटेलच्या खोलीत वाट बघत होते. मी परत गेले तर कागद-पेन्सिल घेऊन बसलेले. म्हणाले, दारातून शिरल्यावर उजवीकडून सांग, पहिलं कुठलं, त्यात काय काय आहे. मी सांगत गेले. पहिलं गडद लाल, कडेला शेंदरी. दुसरं शेवाळी. तिसरं विटकरी, मधे हिरवा पट्टा. ते पाठ करत गेले, परीक्षेच्या पोरासारखे. मला म्हणाले, उद्या मी तिच्याशी रंगांबद्दल बोलणार, एकदा तरी बोलणार, आणि तिचा चेहरा खुलला की मग सगळं खरं सांगणार. सकाळी त्यांनी मोजे मला दोनदा दाखवून घेतले.

तू मात्र मी गेल्यावर उजव्या भिंतीवरच्या पहिल्या दोन कापडांची अदलाबदल केली होतीस. सकाळचा उजेड चुकीच्या बाजूने येत होता म्हणून. तुझं बरोबरच होतं. पण मला माहीत नव्हतं. आणि मी आत शिरले ती बाहेर चपलांपाशी कुणीतरी ओळखीचं भेटल्यामुळे पाच मिनिटं उशिरा. तोवर हे उजव्या भिंतीपुढे उभे राहून, तुझ्या गिरणीच्या साहेबांसमोर, तुझ्या मैत्रिणींसमोर सांगत होते की हा गडद लाल किती धीट आहे, आणि कडेचा शेंदरी त्याला कसा सांभाळून घेतो. समोर तुझं शेवाळी हिरवं कापड होतं. मग दुसऱ्यापुढे गेले आणि लाल कापडाला शेवाळ्याची शांतता आहे म्हणाले. कुणीतरी हसलं. त्यांना वाटलं, आपलं बोलणं आवडलं. ते आणखी रंगून बोलले.

तुझा चेहरा मी विसरलेले नाही. तुला वाटलं ते तुझ्या कामाची सगळ्यांसमोर चेष्टा करताहेत. तू शांतपणे म्हणालीस, बाबा, तुम्ही गेलात तर बरं होईल. ते गेले. जिन्यात मी त्यांना सांगितलं काय झालं ते. ते कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, पानांचा क्रम बदलला होता का? एवढंच म्हणाले. नोकरीच्या वेळी जे जमलं होतं ते पोरीच्या वेळी फसलं. पुढे तू फोन करायचीस तो मला. ते मागे उभे राहायचे आणि हळूच म्हणायचे, विचार, तिकडे हवा कशी आहे. मी विचारायचे. तू सांगायचीस, आणि मी मोठ्याने पुन्हा म्हणायचे, म्हणजे त्यांना ऐकू जाईल. तुमच्या दोघांमधलं बोलणं मग शेवटपर्यंत हवेवरच चाललं.

इस्पितळातलं मला लिहायचं नव्हतं, पण त्यावाचून हे पुरं होत नाही. तू आलीस तेव्हा त्यांच्या नाकातोंडात नळ्या होत्या, बोलता येत नव्हतं. तू स्वतः रंगवलेली चादर आणली होतीस, ती त्यांच्या पायांवर पसरलीस. नंतर तू मला म्हणालीस, शेवटीसुद्धा त्यांनी चादरीकडे धड बघितलं नाही, तुझ्याकडेच बघत होते. खरं आहे. चादरीकडे बघायचे, मग माझ्याकडे, पुन्हा चादरीकडे, पुन्हा माझ्याकडे. इतकी वर्षं ती नजर मला रोज बाजारात, दुकानात, कपाटापुढे भेटली होती. ते मला विचारत होते, कुठला? तू डॉक्टरांशी बोलायला बाहेर गेलीस तेव्हा मी त्यांच्या कानाशी सांगितलं, लाल आहे हो, गडद, त्या नदीवरच्या झाडासारखा, आणि काठाला बारीक हिरवी रेघ. त्यांनी हात हलवला आणि चादरीवर ठेवला. बोटांनी चाचपत राहिले, त्या दिवशी पाकळ्या चाचपल्या तशा. तू परत आलीस तेव्हा ते झोपले होते.

मला वाटत होतं की आता हे सांगून काय उपयोग. ते त्यांनी सांगायचं होतं, ते गेले, गोष्ट त्यांच्याबरोबर गेली. चष्मेवाली एवढ्या आशेने विचारते तरी मी चहाकडे बोट दाखवते. तुलाही सांगितलं नसतं, खरं सांगते. जे दुरुस्त होणार नाही त्याचं ओझं पोरीच्या डोक्यावर कशाला द्या, असंच मनाशी धरून बसले होते. पण मग तू आज फोनवर बोलता बोलता पिल्लाचं सांगितलंस.

की त्याने शाळेत 'माझी आई' म्हणून चित्र काढलं आणि तुझं तोंड हिरवं रंगवलं. बाईंनी ते वर्गात उंच धरून दाखवलं, पोरं हसली. तू म्हणालीस, मुद्दाम करतो, पाजी आहे, झाडाचं खोडही हिरवं आणि पानं तपकिरी करतो, माझ्या पोटी येऊन ह्याला रंगाचं एवढं वावडं कसं? आणि म्हणालीस, मी त्याला चांगलं खडसावलं, नीट बघत जा, तू बघतच नाहीस. ठिपकी, हे पत्र अर्ध्यावर ठेवून मी वाचनालयात जाऊन आले. तिथल्या बाईंनी डोळ्यांवरचं पुस्तक काढून दिलं. त्यात लिहिलंय की हे आजोबांकडून मुलीच्या हाती येतं, मुलीला स्वतःला काही होत नाही, आणि तिच्याकडून तिच्या मुलाला जाऊ शकतं. तू मधल्या मधे निरोप पोचवलास फक्त, तुला न कळता. त्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ने, ठिपक्यांचं पुस्तक दाखवतील, त्याला आधी काही पाठ करू देऊ नकोस. तू तुझ्या बाबांना मुद्दाम हिरवं केलं होतंस. त्याने तुला मुद्दाम केलेलं नाही. त्याला तुझा चेहरा तसाच दिसतो, आणि तो तुला फार बघतो, म्हणून तर 'माझी आई' म्हटल्यावर रंग शोधत बसला असेल बापडा. तुझे बाबाही बघत होते. व्हरांड्यात यायचं की नाही ते तू ठरव, पण हे वाचलंस की पिल्लाला जवळ घे. ह्या पत्राबरोबर पेन्सिलींची नवी पेटी पाठवते आहे. खाचा मीच पाडल्यात, हात आता थरथरतो म्हणून जरा वाकड्या आल्यात: लाल एक, हिरवी दोन, तपकिरी तीन. त्याने विचारलं, ह्या कशा गं, तर त्याला खरं ते सांग. ह्या वेळी उंदराचं नाव घेऊ नकोस.

तुझीच,
आई